बाल्सासकाठचे व्हायोलिनवाले

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे आणि शेजारचं तोलुका त्याहूनही उंच. तोलुकाहून नैर्ऋत्येकडे निघालेला रस्ता तेमास्काल्तेपेक आणि तेहुपिल्को मागे टाकत घाट उतरू लागतो. पाइनची जंगलं विरळ होतात, स्वेटर अंगावरून उतरतो, मग निवडुंग आणि काटेरी झुडपं सुरू होतात. बाल्सास नदीच्या खोऱ्यात सिउदाद आल्तामिरानोला पोचेपर्यंत उंची जेमतेम अडीचशे मीटर उरलेली असते. पावसाआधीच्या एप्रिल-मेमध्ये इथे पारा सहज चाळिशी ओलांडतो. तिएर्रा कालिएंते, म्हणजे उष्ण मुलूख, हे नाव पोकळ नाही. गेर्रेरो, मिचोआकान आणि मेक्सिको राज्य या तिन्हींच्या हद्दी या पट्ट्यात एकमेकींना भिडतात आणि तिघांच्याही राजधान्यांना तो कायम लांबच वाटत आला आहे. पर्यटकाला दाखवण्याजोगे पिरॅमिड नाहीत, समुद्रकिनारा आणखी कित्येक तास पुढे आहे. सुकवलेलं गोमांस कुटून, अंडी घालून लाल मिरचीच्या रश्श्यात शिजवलेलं आपोर्रेआदियो मात्र चाखण्यासारखं आहे, आणि त्लापेउआला गावात विणल्या जाणाऱ्या हॅट विकत घेण्यासारख्या. तरीही ज्यांच्या कानाला व्हायोलिनची सवय आहे असे काही लोक गेली तीसेक वर्षं मुद्दाम वाट वाकडी करून इथे येत आले आहेत. मेक्सिकोतल्या ज्या लोकवादकाला या मुलखाचा पागानिनी, म्हणजे व्हायोलिनचा अजोड उस्ताद, म्हटलं गेलं, तो हुआन रेइनोसो इथला.

इथला पारंपरिक संच लहानसाच असतो. एक किंवा दोन व्हायोलिनं, सुटलेल्या पोटाची मोठी गिटार आणि ताम्बोरिता. हा छोटा, दोन्ही बाजूंनी कातडं मढवलेला ढोल दोन काठ्यांनी वाजतो. एका काठीच्या टोकाला चामडं गुंडाळलेलं असतं, ती कातड्यावर पडते आणि दबका आवाज देते. दुसरी उघडी असते, ती लाकडी कडेवर टकटकते. सहाच मात्रा, पण एकदा तीन-तीनच्या दोन गटांत आणि लगेच दोन-दोनच्या तीन गटांत मोजलेल्या, अशी ती लय असते. ऐकणाऱ्याची टाळी चुकावी आणि नाचणाऱ्याचं पाऊल चुकू नये, अशी तिची मांडणी. या लयीवर व्हायोलिन सोन, म्हणजे नाचाच्या चिजा, वाजवतं. या भागातले सोन बहुतेक बिनशब्दांचे असतात. गायला गुस्तो हा वेगळा प्रकार आहे. एवढ्यावर संचाचं भांडार संपत नाही. वॉल्ट्झ, पोल्का, पासोदोब्ले, मिरवणुकीची मार्च, मर्तिकाला वाजवायचे मिनुएते आणि विसाव्या शतकात थेट फॉक्सट्रॉटसुद्धा. चर्चने आणलेल्या वाद्यांची ही पुढची पिढी. १५२० च्या दशकात पेद्रो दे गांते या फ्रान्सिस्कन धर्मबंधूने तेश्कोको आणि मेक्सिको शहरात स्थानिक मुलांना लिहिण्या-वाचण्याबरोबर युरोपीय संगीत शिकवायला सुरुवात केली. व्हायोलिन त्या वाटेने मागाहून आलं आणि देवळाच्या दारातून बाहेर पडून पोटापाण्याला लागलं. गोव्यातल्या पॅरिश शाळांतून निघून मुंबईच्या सिनेमा वाद्यवृंदांत पोचलेल्या व्हायोलिनची वाटही याच वळणाची आहे.

रेइनोसोचा जन्म १९१२ चा, कोयुका दे कातालानच्या परिसरातला. नोटेशन त्याला येत नव्हतं. त्लापेउआलाचा इसाइआस साल्मेरोन हा त्या काळचा नावाजलेला व्हायोलिनवादक आणि रचनाकार. त्याच्याकडून आणि इतर बुजुर्गांकडून रेइनोसोने जे घेतलं ते कानाने. तो २००७ मध्ये गेला. मधल्या काळातलं त्याचं आयुष्य लग्नं, सणावारांच्या जत्रा, मयती, बैलांचे खेळ आणि दारूचे गुत्ते यांत गेलं. त्याच्याबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात एक सूर हमखास सापडतो: शतकांची परंपरा जपणारा निष्पाप खेडूत कलावंत. हा सूर ऐकायला गोड असला तरी माणसाला लहान करतो. रेइनोसो परंपरेचा राखणदार म्हणून जगला नाही, तो सुपारी घेऊन वाजवणारा धंदेवाईक वादक होता आणि त्याच्या वादनातली नजाकत या धंद्यातूनच आली. समोरचा फर्माईश करतो, पैसे मोजतो, आणि ती चीज कशी वाजायला हवी हे त्याला ठाऊक असतं. असं गिऱ्हाईक दहा पावलांवर उभं असलं की वादक हात मोकळा ठेवत नाही, घोटून ठेवतो. त्याचे दुहेरी स्वर, तारेच्या वरच्या टोकापर्यंत चढून सुरेल परतणारी बोटं, सोनच्या फेऱ्यांमध्ये दर वेळी बदलणारी वळणं, यांमागे त्याची प्रतिभा होती हे खरंच. पण ती प्रतिभा रोज पणाला लावायला भाग पाडणारी माणसंही होती.

म्हणून या मुलखातल्या व्हायोलिनचं काय झालं हे समजून घ्यायचं तर वादकांची यादी करण्याआधी प्रसंगांची यादी करायला हवी. पहिला प्रसंग लग्ना-जत्रांतल्या नाचाचा. जमिनीत खड्डा खणायचा, त्यावर जाड लाकडी फळी टाकायची आणि जोडीने त्या फळीवर टाचांनी लय धरायची. खड्ड्यातली पोकळी आवाज मोठा करते. म्हणजे नाचणारे पाय हे संचातलं चौथं वाद्य असतं आणि ताम्बोरितावाला त्यांच्याशी सवाल-जवाब करत असतो. या फळीभोवती जेवढं कडं उभं राहील तेवढ्यांना व्हायोलिन नीट ऐकू येतं. दुसरा प्रसंग बैलांच्या खेळाचा. बैलावर स्वार चढताना वाजायचे सोन वेगळे. तिसरा मर्तिकाचा, आणि तो लहान मुलाच्या मृत्यूचा. तान्हं मूल निष्पाप गेलं म्हणजे ते देवदूत झालं, अशी इथली कॅथलिक समजूत. त्याला सजवून रात्रभर जागरण करायचं, रडून त्याची वाट ओली करायची नाही, व्हायोलिनवर मिनुएते वाजवायचे. एके काळी युरोपच्या दरबारात नाचली जाणारी चाल इथे मातीच्या घरात पाळण्यातल्या प्रेताजवळ पोचली होती. विसाव्या शतकात मेक्सिकोतलं बालमृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं, तशी ही सुपारीही उतरली. कुणीही शहाणा माणूस हे नुकसान भरून यावं असं म्हणणार नाही. परंपरा मरते तेव्हा कुणी तरी खलनायक असलाच पाहिजे असं मानणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी.

बाकीच्या दोन प्रसंगांचं तसं नाही. लग्नं आजही होतात, बैलांचे खेळ तर पूर्वीपेक्षा मोठे होतात. बदललं आहे ते त्यांचं आकारमान. फळीच्या कड्याच्या जागी विजेचे दिवे लावलेलं मैदान आलं, शेकडो माणसं आली, आणि एवढ्या गर्दीत व्हायोलिन कुणाला ऐकू येणार? तिथे आधी ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्यूबाचे बँड शिरले. नंतर कीबोर्ड, सॅक्सोफोन आणि भिंतीएवढे स्पीकर. आज मेक्सिकन रेडिओवर तिएर्रा कालिएंतेचं संगीत म्हणून जे वाजतं ते बेटो इ सुस कानारिओससारख्या कीबोर्डवाल्या गटांचं असतं. त्यात व्हायोलिन नसतं. मुलखाचं नाव टिकलं आणि त्यामागचा आवाज बदलला. अंगणं मातीची होती तोवर खड्डा खणता येत होता. सिमेंटच्या फरशीवर टाच आपटली तर गुडघा दुखतो, आवाज काही घुमत नाही. ही बाब फुटकळ वाटेल. पण ज्या नाचात पाय हेच वाद्य आहे त्यात एक अख्खं वाद्य कमी होणं फुटकळ नसतं. नाच गेला की सोन बसून ऐकायची गोष्ट होतो, आणि बसून ऐकायला इथे कधी कुणी पैसे मोजले नव्हते.

याला पहिला आक्षेप येईल तो स्थलांतराचा आणि हिंसाचाराचा. गेर्रेरो हे मेक्सिकोतल्या गरीब राज्यांपैकी एक. खोऱ्यातली माणसं शिकागोला आणि कॅलिफोर्नियाला गेली. मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर अमली पदार्थांच्या टोळ्या बसल्या, रात्रीचा प्रवास धोक्याचा झाला, मग रात्रभर चालणारे नाच कसे टिकणार? आक्षेपात तथ्य आहे. खंडणी आणि गोळीबाराने गावोगावच्या जत्रांचा गळा आवळला आहे आणि आजही इथे जाणाऱ्याने दिवसाउजेडीच, स्थानिक माणसाच्या सल्ल्याने फिरावं. मात्र एवढ्याने कोडं सुटत नाही. स्थलांतराने माणसं नेली तसा पैसाही परत पाठवला आणि त्या डॉलरांतून गावच्या संतांच्या जत्रा जास्त थाटाच्या झाल्या. थाट म्हणजे मोठा बँड. परदेशी कष्ट करून गावी आलेल्या माणसाला आपली कमाई चार गावांना ऐकू जायला हवी असते, आणि त्यासाठी तो दोन व्हायोलिनं कशाला बोलावील? पैसा आटला म्हणून व्हायोलिन बसलं असं म्हणता येत नाही. पैशाला मोठा आवाज हवा झाला. हिंसाचाराची गोष्टही तशीच आहे. तो बँडवाल्यांच्याही वाट्याला आला, पण बँड बंद पडले नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे संगीत तर वाचवलं गेलं, मग रडगाणं कशाचं? रेइनोसोला १९९३ मध्ये मेक्सिकोचं राष्ट्रीय विज्ञान आणि कला पारितोषिक लोककलेच्या विभागात मिळालं. कोरासोन या कंपनीने त्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. वॉशिंग्टन राज्यात पोर्ट टाउनसेंडला भरणाऱ्या फिडल महोत्सवात तो नव्वदच्या दशकात वाजवून आला. पॉल अनास्तासिओ हा अमेरिकन वादक, जॅझ व्हायोलिनचा पट्टीचा उस्ताद जो व्हेनुटी याचा शिष्य, मर्ल हॅगर्डच्या संचात वाजवलेला. त्याने अनेक वर्षं इथे येऊन रेइनोसोकडे शिकवणी घेतली आणि या खोऱ्यातल्या शेकडो चिजा नोटेशनमध्ये उतरवून ठेवल्या. लिंडाजॉय फेन्ली या अमेरिकन पत्रकारबाईंनी दोन्ही देशांतल्या फिडलवाल्यांना एकत्र आणणारे महोत्सव भरवले. ही माणसं नसती तर कित्येक रचना वादकांबरोबर मातीत गेल्या असत्या. त्यांचं ऋण मान्य करूनही एक फरक नजरेआड करता येत नाही. त्यांनी वाचवल्या त्या चिजा. चीज मागणारा शेजारी कागदावर उतरत नाही. महोत्सवातला श्रोता कौतुकाने टाळ्या वाजवतो, पण सोन रेंगाळला की हवा तसा लवचिक झाला हे त्याला कळत नाही, आणि कळलं नाही तरी काही बिघडत नाही. गुत्त्यातल्या गिऱ्हाईकाला ते कळत होतं, आणि न आवडल्यास तो पैसे खिशात ठेवत होता.

हा फरक आन्हेल ताविराइतका कुणाला बोचला नसावा. १९२४ साली आहुचित्लानच्या बाजूला, व्हायोलिनवाल्यांच्याच घराण्यात तो जन्मला. पोरवयात फटाक्याच्या दारूने त्याचा उजवा हात नेला. व्हायोलिनमध्ये उजवा हात गजाचा. त्याने उरलेल्या मनगटाच्या खुंटाला गज बांधून घेतला आणि वाजवत राहिला. बोटांनी गज धरणारा वादक मनगट आणि बोटं यांच्यामध्ये दाब वाटून देतो. ताविराला तो सगळा दाब खांद्याकडून आणि कोपराकडून आणावा लागे. सूर थोडा खरखरीत येई, पण लय एकाही जागी घसरत नसे. उतारवयात, घराण्याच्या रचना आपल्याबरोबर जाऊ नयेत म्हणून तो नोटेशन शिकायला मोरेलियाच्या संगीत विद्यालयात जाऊन बसला. फ्रान्सिस्को वार्गास या दिग्दर्शकाने २००४ मध्ये त्याच्यावर माहितीपट केला. या मुलखाला हलतं ठेवणारेच मरत चालले आहेत, असा त्याच्या नावाचा आशय. मग त्याच दिग्दर्शकाने ‘एल व्हिओलिन’ या कृष्णधवल चित्रपटात त्याला मुख्य भूमिका दिली: बंडखोरांसाठी व्हायोलिनच्या पेटीतून काडतुसं नेणारा म्हातारा वादक. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या ‘अं सेर्तां रगार’ विभागात ऐंशीच्या घरातल्या, पूर्वी कधी अभिनय न केलेल्या या माणसाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. दोन वर्षांनी तो गेला. त्याच्या कीर्तीचा उगम व्हायोलिनमध्ये असला तरी ती पडद्यावरची कीर्ती होती. राष्ट्रीय सन्मान आणि आंतरराष्ट्रीय पारितोषिक अशा दोन्ही गोष्टी एकाच खोऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांना मिळाल्या, तरीही लग्नाला बँडच ठरत राहिला.

फक्त एवढ्या पुराव्यावर निकाल देणं घाईचं ठरलं असतं. पण मेक्सिकोतच ईशान्येला दुसरं उदाहरण आहे. वेराक्रूस, सान लुइस पोतोसी, इदाल्गो, तामाउलिपास, केरेतारो आणि पुएब्ला या सहा राज्यांत पसरलेला उआस्तेका प्रदेश. तिथला संचही लहानच: एक व्हायोलिन, हाराना ही छोटी गिटार आणि उआपांगेरा ही मोठी. गरिबी तिथे आहे, स्थलांतर आहे, टोळ्यांचा उपद्रव आहे, स्पीकरवाले गटही आहेत. तरी उआपांगो नावाचं तिथलं संगीत धट्टंकट्टं आहे. शहरांमधल्या चौकांत संच उभे असतात आणि पोरं व्हायोलिन घेऊन फिरताना दिसतात. केरेतारोतल्या सान होआकिनला उआपांगो नाचाची राष्ट्रीय स्पर्धा भरते. फरक कशात आहे? एक तर उआपांगोत गाणं आहे. आवाज एकदम वरच्या पट्टीत उडवून परत आणणारी ती गायकी आणि जागच्या जागी रचलेली, कुणाची तरी फिरकी घेणारी कडवी. शब्द मायक्रोफोनमधून जातात, रेडिओवर जातात, भांडणं लावतात, हसवतात. व्हायोलिन दोन कडव्यांच्या मधल्या जागेत आपली करामत दाखवून घेतं, म्हणजे शब्दांच्या पाठीवर बसून ते मैदानातही पोचतं. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं कारण विधीचं. नाहुआ आणि तेनेक गावांत मक्याची पूजा किंवा शांतोलो, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीचं पितरांचं आगमन, यांसाठी काही ठराविक सोन लागतात आणि ते व्हायोलिनवरच वाजावे लागतात. तिथे ट्यूबा चालत नाही, कारण ऐकणारे नुसते वऱ्हाडी नसतात, मक्याचा देव आणि घरी आलेली पितरंही असतात. ही सुपारी दर वर्षी ठरलेली असते. उत्तरेच्या चिवावा राज्यात रारामुरी लोक हाताने पाइनची व्हायोलिनं घडवतात आणि हिवाळ्यातल्या माताचिन नाचाला वाजवतात, तीही याच कारणाने टिकली आहेत. बाल्सासच्या खोऱ्यात विधीचा मुख्य धागा मर्तिकाच्या मिनुएतेचा होता आणि तो सैल झाला. सोनला शब्द नव्हते. दोन्ही बाजू एकदमच उघड्या पडल्या.

तिसरा आक्षेप शहरी रसिकांचा. मग बदलावं की. मारिआची नाही का बदलला? हालिस्कोतल्या कोकुला-तेकालित्लानच्या बाजूचा मारिआची मुळात तंतुवाद्यांचा संच होता. १८९७ च्या सुमारास गास्पार वार्गासने बांधलेला संच १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासच्या शपथविधीसाठी राजधानीत आला, रेडिओ आणि सिनेमाने त्याला उचललं, ट्रम्पेट त्यात कायमचा बसला आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याचं नाव गेलं. व्हायोलिन टिकलं, पण सहा-आठ जणांच्या रांगेत एकसुरात वाजणारं. त्यात चुकूनही चूक ऐकू येत नाही आणि एकट्याची फिरतही ऐकू येत नाही. रेइनोसोला नव्याचं वावडं नव्हतं, फॉक्सट्रॉट वाजवणाऱ्याला कसलं वावडं? बदलाला विरोध असा इथे कुणाचाच नाही. प्रश्न एवढाच की कुठल्या बदलात एकट्या व्हायोलिनला जागा उरते. उआस्तेकात उरली, हालिस्कोत बरीचशी गेली, बाल्सासकाठी जवळपास संपली.

म्हणून सरकारी पैसा खर्चायचाच असेल तर आणखी एका महोत्सवापेक्षा गावच्या संताच्या जत्रेला, पाटीवर नाव न लावता, एका संचाची बिदागी भरून टाकणं आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात खड्डा खणून फळी टाकणं जास्त उपयोगी पडेल. कोपराच, मैदान बँडलाच राहू द्यावं. मोरेलियात आणि मेक्सिको सिटीत या मुलखाचे सोन शिकणारी तरुण पोरं आहेत, अनास्तासिओची नोटेशनं त्यांच्या हाताशी आहेत, ध्वनिमुद्रणंही आहेत. त्यांना कमी पडतो तो हटकणारा श्रोता. प्रवाशालाही यात थोडंसं काम आहे. व्हायोलिन ऐकायला जायचंच असेल तर आधी ऑक्टोबरअखेरीस उआस्तेकात, सिउदाद वायेसच्या बाजूला जावं. तिथे सहज ऐकायला मिळेल आणि कान तयार होतील. बाल्सासच्या खोऱ्यात उतरायचं ते नंतर, पाऊस सरल्यावर, दिवसाच्या बसने आणि तिथल्या ओळखीच्या माणसाचा फोन खिशात ठेवून. वादक भेटला तर पागानिनीची गोष्ट काढू नये. भाव विचारावा, सोनचं नाव घेऊन फर्माईश करावी, पैसे चिजेगणिक मोजावेत, आणि जमलं तर नाचता येणारं एखादं जोडपं आधीच गाठून ठेवावं.